रात्रीचंही विचारा : आतड्याचा जुनाट आजार आणि झोप

प्रस्तावना

शिर्डीत रात्र पुरती अशी होतच नाही. शेजारती झाली की मंदिराचे दरवाजे मिटतात, गाव मिटत नाही. हैदराबाद, सुरत, इंदूरकडच्या गाड्या मध्यरात्रीनंतर येऊन लागतात. लॉजवरची पोरं सामान उचलायला धावतात, चहाच्या टपऱ्यांवर स्टोव्ह चालू असतात, हारवाले पहाटेच्या गिऱ्हाइकासाठी गुलाब ओवत बसलेले असतात आणि काकड आरतीसाठी माणसं अंधारातच रांगेला लागतात. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसऱ्याचा पुण्यतिथी उत्सव या तिन्हींच्या मुख्य दिवशी समाधी मंदिर रात्रभर उघडं असतं. जागणं ही इथे सेवा मानली जाते आणि पुष्कळांचं पोटही त्यावरच चालतं. म्हणूनच एक वेगळं जागरण इथे कुणाच्या नजरेत येत नाही. ते आतड्याच्या जुनाट आजाराने लादलेलं असतं. मुरडा येतो, माणूस उठतो, संडासात जातो, परत येऊन पडतो आणि डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा उठतो. सकाळी तो दुकान उघडतो, डबे भरतो, कामावर जातो. रात्री काय झालं हे त्याला कुणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही.

हे पुस्तक त्या न विचारलेल्या रात्रीविषयी आहे. त्यात सांगायची मुख्य गोष्ट एकच आहे. आतड्याच्या आजारात झोप हा उपचाराचाच एक भाग आहे. आजार बरा झाला की झोप आपोआप येईल, असं म्हणून तिला मागे ठेवता येत नाही.

ज्या आजारांविषयी आपण बोलतो आहोत, त्यांना डॉक्टर थोडक्यात आयबीडी म्हणतात. त्यात मुख्य दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये गुदाशयापासून वरच्या दिशेने मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, बारीक जखमा होतात, शौचातून रक्त आणि आंव पडते. क्रोन्सच्या आजारात आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीला दाह होतो. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, पण बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला गाठतो. त्यातून आतडं अरुंद होतं, कधी भगंदर होतं. न्यूयॉर्कमध्ये बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली या दुसऱ्या आजाराचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हापासून त्याला त्यांचं नाव आहे. दोन्ही आजारांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. दोन्ही संसर्गजन्य नाहीत. दोन्ही बहुधा तरुण वयात सुरू होतात आणि जन्मभर सोबत राहतात, कधी शांत तर कधी उसळलेले.

हे परदेशी माणसांचे आजार आहेत, हा समज आता टिकणारा नाही. पंजाबात लोकवस्तीत फिरून केलेली एक पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दर लाख लोकसंख्येमागे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला होता. महाराष्ट्राचं प्रमाण वेगळं असू शकेल. पण अंदाजासाठी तेच धरलं, तर २०११च्या जनगणनेत ४५ लाखांवर लोकसंख्या असलेल्या आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात अशी सुमारे दोन हजार माणसं असतील. त्यांतल्या किती जणांच्या आजाराला बरोबर नाव मिळालं असेल? आपल्याकडे वर्षानुवर्षं तो ‘आंव पडते’, ‘जुना मुरडा आहे’, ‘मूळव्याध असेल’, ‘गॅसेस होतात’ याच नावांनी फिरत राहतो आणि जंतांच्या नाहीतर आंवेच्या गोळ्यांवर भागवला जातो.

शिर्डीच्या आठवणीत पोटाच्या दुखण्याला जुनी जागा आहे. गोविंद रघुनाथ दाभोलकर, म्हणजे हेमाडपंत, यांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’च्या तेराव्या अध्यायात काका महाजनींची कथा येते. त्यांना जुलाबाचा त्रास होता. साईबाबांच्या सेवेत खंड पडू नये म्हणून ते मशिदीत एका कोपऱ्यात पाण्याने भरलेला तांब्या ठेवून देत, कारण कधी उठावं लागेल याचा नेम नव्हता. त्याच अध्यायात बापूसाहेब बुट्टींना झालेल्या जुलाब-उलट्यांचीही हकिकत आहे. ज्यांच्या वाड्यात आज समाधी आहे, तेच हे बुट्टी. या कथा श्रद्धेच्या आहेत आणि त्या श्रद्धेनेच वाचाव्यात. काका महाजनींना बाबांनी शेंगदाणे देऊन बरं केलं म्हणून कुणी क्रोन्सच्या रुग्णाला शेंगदाणे चारू नयेत. अरुंद झालेल्या आतड्यात ते अडकू शकतात. मला त्या कथेत मोलाचा वाटतो तो कोपऱ्यातला तांब्या. ज्याला हा आजार आहे त्याला तो पाहताक्षणी ओळखू येईल. नव्या ठिकाणी गेल्यावर आधी संडास कुठे आहे ते पाहून ठेवायचं, एसटीत दाराजवळची जागा धरायची, लग्नाच्या पंगतीत कडेला बसायचं, रात्री दाराजवळ अंथरूण घालायचं. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या भक्ताने आपल्या अडचणीची सोय केली. अशी सोय करण्यात कमीपणा नाही.

आता रात्रीकडे वळू. निरोगी माणसाचं मोठं आतडं रात्री जवळजवळ झोपलेलं असतं. मळ पुढे ढकलणाऱ्या जोरकस लाटा झोपेत थांबतात. सकाळी जाग आल्यावर आणि पोटात काही गेल्यावर त्या पुन्हा सुरू होतात. उठल्यावर चहाच्या घोटाबरोबर संडासला जावंसं वाटतं ते यामुळेच. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत दिवस-रात्रीचं घड्याळ चालतं. ते कसं चालतं हे उलगडणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७चं नोबेल पारितोषिक मिळालं. आतड्यालाही असं घड्याळ आहे. दाह झाला की त्याची घडी विस्कटते. सुजलेलं गुदाशय एवढंसं रक्त, थोडीशी आंवसुद्धा धरून ठेवू शकत नाही आणि ‘आत्ताच जायला हवं’ असा हुकूम सोडतं. बसल्यावर होतं थोडंच, कुंथावं लागतं आणि पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही.

म्हणून रात्री झोपेतून उठून संडासला जावं लागणं ही निदानातली फार महत्त्वाची खूण आहे. चिडखोर आतड्याचा आयबीएस नावाचा त्रास पुष्कळांना असतो. तोही हैराण करतो, पण सहसा झोपलेल्या माणसाला उठवत नाही. जुलाबाने झोपमोड होत असेल, सोबत रक्त पडत असेल, वजन उतरत असेल, ताप येत असेल, तर ‘टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर रुग्णाला परत पाठवता येत नाही. तिथे रक्ताची आणि शौचाची तपासणी हवी, दुर्बिणीने आतडं पाहायला हवं, तुकडा काढून तपासायला हवा. आपल्या भागात आणखी एक काळजी घ्यावी लागते. आतड्याचा क्षयरोग क्रोन्ससारखाच दिसतो, तोही लहान आतड्याच्या त्याच टोकाला बसतो आणि त्यातही वजन घटतं, रात्री घाम फुटतो. दोन्हींचे उपचार मात्र परस्परविरोधी आहेत. क्रोन्ससाठी दिलेलं स्टेरॉइड क्षय भडकवू शकतं, आणि क्रोन्सला क्षय समजलं तर महिनोन्महिने नको ती औषधं पोटात जातात. रुग्णाने सांगितलेली रात्र अशा वेळी डॉक्टरांना उपयोगी पडते.

झोप मोडण्याचं कारण फक्त संडास नसतं, आणि हे रुग्णांना सहसा कुणी समजावून सांगत नाही. या आजारात पुष्कळांच्या कंबरेच्या आणि माकडहाडाजवळच्या सांध्यांनाही दाह होतो. ही कंबरदुखी पडून राहिल्याने वाढते, पहाटे माणसाला उठवते आणि चार पावलं चालल्यावर हलकी होते. कष्टाच्या कंबरदुखीचं नेमकं उलट असतं. रक्त जाऊन जाऊन लोह कमी झालेलं असलं की अंथरुणावर पडताच पायांत वळवळ सुरू होते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. घरातल्या बाईचे असे पाय रात्री कुणी दाबून देतं, पण तिचं हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा तपासावा हे सुचत नाही. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड उसळलेला आजार लवकर आटोक्यात आणतं, पण झोप उडवतं. ते बहुधा सकाळी नाश्त्यानंतर घ्यायचं असतं. दुसरा डोस संध्याकाळी असेल आणि रात्रभर डोळा लागत नसेल, तर वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं. स्वतःहून ते एकदम बंद मात्र कधीही करू नये. शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवण्याची क्रिया तोवर मंदावलेली असते आणि अचानक थांबण्याने जिवावर बेतू शकतं. एनिमाचं औषध रात्री झोपताना, डाव्या कुशीवर पडून घ्यायचं असतं. गुदाशय फार सुजलं असेल तर ते आत राहत नाही आणि सगळी रात्र त्यातच जाते. तेही सांगायला हवं, कारण त्याऐवजी बत्तीसारखे इतर प्रकार मिळतात.

या सगळ्यांपेक्षा चिवट असते ती भीती. अंथरूण खराब होण्याची भीती ज्याने एकदा घेतली, त्याचं मन झोपेतही पहारा देत राहतं. आजार औषधाने शांत झाल्यावरही हा पहारा उठत नाही. रुग्ण म्हणतो, ‘पोट आता बरं आहे, पण झोप काही येत नाही,’ आणि आपणच बिघडलो असं त्याला वाटू लागतं. तो बिघडलेला नसतो. महिनोन्महिने मोडत आलेल्या झोपेची शरीराला सवय झालेली असते. ही सवय सोडवण्याची पद्धत आहे आणि तिच्यात गोळी नाही. रोज ठरलेल्या वेळी उठणं, दिवसा लांब झोप न काढणं, अंथरुणाचा उपयोग फक्त झोपेसाठी करणं, वीस-पंचवीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून मंद उजेडात बसणं, डोळे जड झाल्यावरच परतणं. निद्रानाशावर मानसोपचाराचे तज्ज्ञ जी वर्तनोपचाराची पद्धत वापरतात तिचा गाभा हाच आहे. पुस्तकात तिच्यावर वेगळं प्रकरण आहे. ते घाईने वाचू नये.

झोप आणि आतडं यांचा संबंध दोन्ही बाजूंनी आहे. दाहाच्या वेळी शरीर जी रसायनं सोडतं, ती झोपेच्या रचनेत ढवळाढवळ करतात. उलट झोप अपुरी राहिली की त्याच जातीची रसायनं वाढतात. अमेरिकेतल्या तीन हजारांवर आयबीडी रुग्णांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांचा क्रोन्स शांत होता पण झोप बिघडलेली होती, त्यांचा आजार सहा महिन्यांनी उसळलेला असण्याची शक्यता चांगली झोप असलेल्यांच्या सुमारे दुप्पट दिसली. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांत तसा संबंध दिसला नाही. झोपेमुळेच आजार उसळतो, असं या एका अभ्यासाने सिद्ध होत नाही. आतल्या आत सुरू झालेला दाह आधी झोपेत दिसत असेल, अशीही शक्यता आहे. रुग्णाच्या दृष्टीने दोन्हींचा अर्थ सारखाच निघतो. झोप बिघडू लागली की पोट दुखायची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावं.

हे सगळं शहरातल्या स्वतंत्र खोलीत, लागून असलेल्या संडासाच्या घरात राहणाऱ्या माणसाला सांगणं सोपं आहे. शिर्डीच्याच राहाता तालुक्यातल्या वस्तीवरचा संडास अंगणाच्या पलीकडे असतो. रात्री कडी काढली की कुत्रं भुंकतं, सासू विचारते, लेकरू जागं होतं. सून मग संध्याकाळीच जेवण टाळते, पाणी कमी पिते आणि जुलाबाने आधीच कोरडं पडलेलं शरीर आणखी कोरडं करते. शिर्डीत लॉजवर, हॉटेलात, दुकानात काम करणारी मुलं एका खोलीत पाच-सहा राहतात आणि संडास सगळ्यांचा मिळून एक. शेतकऱ्याला कृषिपंपाची वीज पुष्कळदा रात्रीच मिळते, मग बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला जावं लागतं. हारवाल्याची झोप दुपारी होते. ज्यांचा दिवस आणि रात्र रोजगारानेच उलटी केली आहे, त्यांना ‘दहाला झोपा, सहाला उठा’ हा सल्ला कोरडा आहे. त्यांच्यासाठी पुस्तकात वेगळा विचार केला आहे. पाळी सारखी बदलण्यापेक्षा एकच ठेवता येते का, दिवसा झोपताना खोलीत अंधार कसा करावा, जेवणाच्या वेळा निदान रोज त्याच कशा ठेवाव्यात. मालकांनाही एक सांगणं आहे. अशा कामगाराला संडासाजवळची खोली आणि स्थिर पाळी दिली, तर तो कामावर टिकेल.

भाविकांसाठीही यात मजकूर आहे, कारण आजारी माणसंही मोठ्या संख्येने शिर्डीला येतात, पुष्कळदा आजारासाठीच येतात. ऑक्टोबर २०२३मध्ये सुरू झालेल्या नव्या दर्शनरांगेच्या संकुलात स्वच्छतागृहांची सोय आहे. रांगेच्या कल्पनेनेच घाबरणाऱ्या रुग्णाला ही माहिती आधी मिळाली तर त्याचा जीव निम्मा हलका होईल. रात्रभराचा बसप्रवास करून पहाटे थेट रांगेत उभं राहण्यापेक्षा एक मुक्काम करावा. मुंबईहून रामनवमीच्या पालखीबरोबर चालत येणाऱ्यांनी पाय दुखतात म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. या गोळ्यांनी शांत असलेलं आतडं पुन्हा उसळू शकतं. गुरुवारचा दिवसभराचा उपास सोडताना रात्री उशिरा भरपेट, तेलकट जेवण केलं तर रात्र हातची जाते. उपासाचं स्वरूप डॉक्टरांशी बोलून ठरवावं. ज्या साईबाबा संस्थानाकडे माणसं उदी मागायला येतात, तेच संस्थान इथे रुग्णालयंही चालवतं. श्रद्धा आणि औषध यांतलं एकच निवडा असं हे गाव कुणाला सांगत नाही. शेजारीच लोणीला प्रवरेचं वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. तपासणीसाठी पहिलं पाऊल मुंबई-पुण्यालाच टाकावं लागतं असं नाही.

काही गोष्टींत सकाळची वाट पाहायची नसते. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्त पडत असेल आणि सोबत ताप असेल, नाडी मिनिटाला ९०च्या वर धावत असेल, किंवा पोट फुगून ताठ झालं असेल, तर त्याच रात्री रुग्णालय गाठावं. तीव्र कोलायटिस ओळखण्याचे यांतले रक्त, ताप आणि नाडीचे निकष ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी १९५५ साली मांडले आणि आजही डॉक्टर त्यांवर विसंबतात. अशा वेळी जुलाब बंद करणारी गोळी किंवा अफूच्या जातीचं वेदनाशामक मनाने घेणं धोक्याचं आहे. आतडं फुगून फाटण्याची भीती असते. झोपेच्या गोळ्याही मेडिकलवाल्याला विचारून घ्यायच्या नसतात.

या आजारांना कायद्याचाही पुरेसा आधार नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत एकवीस प्रकार आहेत, त्यांत आयबीडी नाही. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाची दमणूक कुठल्याही दाखल्यावर येत नाही. रात्रभर जागून सकाळी कामावर आलेल्याला आळशी म्हणणं सोपं जातं, सुनेला ‘हिचं रोजचंच’ म्हणणं त्याहून सोपं. अशा बोलण्याने ज्यांचं मन मोडलं आहे, त्यांनी हे पुस्तक आधी स्वतः वाचावं आणि मग घरच्यांपुढे ठेवावं.

पुस्तकाच्या शेवटी चौदा रात्रींचा एक तक्ता दिला आहे. किती वाजता पडलो, किती वेळा उठलो, कशाने उठलो, मुरड्याने की कंबरेने की नुसत्या धास्तीने, कोणतं औषध किती वाजता घेतलं, सकाळी अंग कसं होतं. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाकडून भरून घ्यावा. पुढच्या तपासणीला हा कागद आठवणीने न्यावा आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांच्यासमोर ठेवावा. डॉक्टरांना विनंती आहे की दिवसातून किती वेळा, असं विचारताना रात्री किती वेळा, हेही विचारावं आणि उत्तर केसपेपरवर लिहावं. या प्रश्नाला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. त्याच्या उत्तराने निदान बदलू शकतं, औषधाची वेळ बदलू शकते, लोहाची कमतरता सापडू शकते आणि कुणीतरी आपली रात्र मोजली, एवढ्यानेही माणसाला उपचार टिकवून धरायचं बळ येतं.